अकरावं भांडं

मोरबीत कुणालाही विचारा, समयदीप घड्याळाच्या कारखान्यात टोल कोण ऐकायचं. माझंच नाव सांगतील. मुक्ताबेन कासुंद्रा. आणि कुणी दुसरं नाव सांगितलं तर तो माणूस मोरबीचा नाही, एवढं समजून चाला.

सव्वीस वर्षं मी एकाच लाकडी स्टुलावर बसून काढली. लोलकाचं घड्याळ समोर आलं की मी काटा फिरवून बारावर आणायची आणि बारा टोल ऐकायची. आत तारेची गुंडाळी असते, तिच्यावर छोटीशी हातोडी पडते. गुंडाळीत कुठे केसाएवढी चीर असली, एखादा स्क्रू सैल असला, तर आवाज बसका येतो. दुसऱ्याला तो कळत नाही, मला कळतो. खराब घड्याळावर खडूने फुली मारायची, चांगल्याचे काटे दहा वाजून दहावर लावून पुढे सरकवायचं. दिवसाला शंभर घड्याळं, म्हणजे रोज बाराशे टोल. घरी सून हाक मारते ती मला ऐकू येत नाही म्हणतात, ती गोष्ट वेगळी. ती मी मुद्दाम ऐकत नाही.

मग लोकांच्या खिशात फोन आले आणि भिंतीकडे बघायचं कारण उरलं नाही. आधी आमचे शनिवार बंद झाले, मग दुसरी पाळी बंद झाली. मग एक दिवस शेठचा नातू चिंतन अमदावादहून धंद्याचं शिक्षण घेऊन आला आणि त्याने आम्हा बत्तीसच्या बत्तीस बायकांना अंगणात बोलावलं. हातात माइक. आम्ही चार हातांवर बसलोय आणि पोरगा माइकवर बोलतोय.

"बदल येतो तेव्हा पाय जमिनीत घट्ट रोवलेले पाहिजेत आणि अंग लवचिक पाहिजे," चिंतन म्हणाला. "बांबूसारखं."

माझ्या शेजारी जशु बसलेली. घड्याळांना काचा बसवायची, आणि तोंडाला काच कधी बसवली नाही. ती म्हणाली, "पाय घट्ट आणि अंग लवचिक म्हणजे गरब्याचा पगार देणारेत का गं?"

"गप बस."

"आणि बांबू आतून पोकळ असतो म्हणून वाकतो. ह्यांना सांग कुणीतरी."

चिंतनने घसा साफ केला. "आपण घड्याळं बंद करतोय. आपण सॅनिटरीमध्ये जातोय."

आमच्यातल्या निम्म्या बायकांना वाटलं फरशा. अर्धं गाव फरशाच करतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जशुने हात वर केला. "चिंतनभाई, म्हणजे नक्की काय करायचं आपण?"

"कमोड," चिंतन म्हणाला.

मागच्या भिंतीवर नमुन्याची घड्याळं टांगलेली होती. ती नेमकी त्याच वेळी अकरा वाजवायला लागली, आणि सगळी एका तालात नव्हती, त्यामुळे बराच वेळ वाजत राहिली. चिंतन माइक धरून उभा राहिला बिचारा.

ज्यांना जायचं त्यांनी हिशेब घेऊन जायचं, ज्यांना राहायचं त्यांनी नवीन काम शिकायचं, असं ठरलं. चौदा जणी गेल्या. मीही जाणारच होते. घरी येऊन सांगितलं तर मेहुल, माझा मुलगा, खूश झाला. "बरं झालं, बा. मला साडूकडे सांगायला लाज वाटली असती. आई कुठे आहे, तर म्हणे संडासाच्या कारखान्यात."

सून किंजल भाकरी थापत होती. चांगली पोरगी आहे, गोड बोलते, तेच तर अवघड आहे. ती म्हणाली, "हो ना बा, आता निवांत बसा घरी. अगदीच कंटाळा आला तर मटार सोलत जा."

त्या मटारांनी घात केला. घरी मी कुणाची सासू, कुणाची आजी, कुणाची मटार सोलणारी. कारखान्यात मी मुक्ताबेन होते. माझी फुली म्हणजे फुली, ती पुसायची खुद्द शेठचीही हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी चिंतनच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की मी राहते.

"छान, मासी," तो म्हणाला. "पण टोल ऐकायचं काम आता नाही हं."

"माहीत आहे. कमोड वाजत नाही, एवढी अक्कल आहे मला."

तेवढीच नव्हती, ते पुढे कळलं.

जुनी शेड पाडून भट्टी आली. बाहेरून दवेसाहेब नावाचे इंजिनिअर आले. त्यांच्याबरोबर त्यांचा मेव्हणा मनसुख आला, त्याला तपासणीवर बसवलं. आणि आम्ही अठरा बायका कमोड हा शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून त्याला भांडं म्हणायला लागलो. आज किती भांडी झाली, भांडी नीट ठेव, ते भांडं उचलू लाग. बाहेरच्याला वाटावं, लग्नघराची तयारी चालली आहे.

मला आधी झिलईच्या खात्यात टाकलं. तिथला पांढरा फवारा नाकात जाऊन मी अशा शिंका दिल्या की तीन भांड्यांवर पुरळ उठलं. मग लेबलं चिकटवायला बसवलं. ती तिरकी जायची. दवेसाहेब म्हणाले, "बेन, सव्वीस वर्षं घड्याळात काढली आणि सरळ उभं काय ते कळत नाही?" मी म्हटलं, "घड्याळात काटा कधी सरळ उभा राहत नाही, साहेब." त्यांना ते आवडलं नाही.

तिसरं टेबल पॅकिंगचं, जुन्याच गोदामात. हे जमेल, मला वाटलं. खोक्यात भांडं, भांड्यावर फोम, फोमवर माहितीपत्रक, वरून पट्टी. माहितीपत्रकं भिंतीतल्या तिसऱ्या कप्प्यात. हात आपोआप तिथे जायचा, सव्वीस वर्षं पाहिलेला कप्पा. पाच दिवस मी सुसाट खोकी भरली. कौतुकही झालं.

आठवड्याने इंदूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. चिंतनने स्पीकर लावला, कारण त्याला वाटलं नवीन ऑर्डर आहे.

"भाई," तो व्यापारी म्हणाला, "माल चांगला आहे. पण कागदावर लिहिलंय, डोक्याच्या वर भिंतीला सरळ टांगावे."

चिंतन स्पीकर बंद करायचं बटण शोधायला लागला.

"दर रविवारी चावी द्यावी. ती चावी पाठवायची राहिली का? आणि खाली लिहिलंय, पाण्यापासून दूर ठेवावे."

तिसऱ्या कप्प्यातून घड्याळांची जुनी पत्रकं कुणी काढलीच नव्हती, आणि भांड्यांची नवीन चौथ्या कप्प्यात होती. नव्वद भांडी गेली इंदूरला. जशु हसून हसून जमिनीवर बसली. म्हणाली, "मुक्ता, शेवटची ओळ सांग ना, टोल पडत असताना हात लावू नये. ती बरोबर आहे बघ."

चिंतनही आधी हसला. मग त्याने दार लावून घेतलं, आणि दार लावून घेणारा माणूस चांगलं काही सांगत नाही.

"मासी, तीन टेबलं झाली. दवेसाहेब माझ्यामागे लागलेत. या महिन्याच्या शेवटापर्यंत बघू. नाही जमलं तर... तुम्ही मला लहानपणी कडेवर घेतलंय, मला हे बोलायला लावू नका."

"तू माझ्या कडेवर काय केलं होतंस ते मीही बोलत नाही," मी म्हटलं. त्या संध्याकाळी किंजलने खरंच मटार आणले होते. मी सोलले नाहीत.

आता पुढची गोष्ट जेवणाच्या सुट्टीतली. गोदामात मोठा पंखा आहे म्हणून आम्ही तिथेच डबे उघडतो. कोरी भांडी ओळीने मांडलेली असतात. सुरुवातीला घास गिळत नव्हता, आता जशु एकावर छासचा, म्हणजे ताकाचा लोटा ठेवते, दुसऱ्यावर टेकून बसते. त्या दिवशी मी डब्याचं झाकण काढलं आणि शेजारच्या भांड्याच्या कडेवर ठेवलं. ठेवताना ते आपटलं.

बद्द.

माझा घास तोंडातच राहिला. झाकण उचललं, पुन्हा हळूच आपटलं. बद्द. पलीकडच्या भांड्यावर आपटलं. टण्ण. मस्त, गोल, लांबवर जाणारा आवाज.

"काय करतेस?" जशु म्हणाली. "भजनाला बसलीस का?"

"जशु, बाजारात माठ घेताना तू काय करतेस?"

"टिचकी मारते."

"का?"

"चीर असली तर बोदा वाजतो म्हणून." मग तिने भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लोटा उचलून खाली ठेवला. "अगं बाई."

तसं ठोकून बघायचं काम कारखान्यात होतंच. ते मनसुखकडे होतं. तो हातात दांडकं घेऊन ओळीतून जायचा आणि प्रत्येक भांड्याला एक ठोका द्यायचा. फक्त त्याच्या दोन्ही कानांत फोनच्या वायरी असायच्या आणि त्यांत क्रिकेटची मॅच चाललेली असायची. दांडकं कमोडवर आणि कान वानखेडेवर.

समोरची चाळीस भांडी आमच्या समाजाच्या नव्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, जायची होती. अक्षय तृतीयेला उद्घाटन, आणि वाडीचे मुख्य विश्वस्त ठाकरशीबापा. बापा म्हणजे आमचे मूळ शेठ, चिंतनचे आजोबा. चौऱ्याहत्तर वर्षांचे, धंदा नातवाला देऊन मोकळे झालेले, आणि तरी रोज नऊला ऑफिसात येऊन बसणारे. सगळा समाज जेवायला येणार आणि बापांच्या कारखान्याचं भांडं भर कार्यात तुटणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी डबा बाजूला ठेवला. पदर खोचला. चाळीसच्या चाळीस वाजवली. अकरा भांड्यांवर खडूने फुली मारली. कुणाला विचारलं नाही. सवयच नव्हती विचारायची.

सुट्टी संपल्यावर दवेसाहेब आले आणि लालबुंद झाले. "हे कुणी केलं? तपासून पास केलेला माल आहे हा. बेन, तुम्हाला पॅकिंग जमत नाही आणि तुम्ही भट्टीतला दोष सांगणार?"

आवाज ऐकून चिंतन आला. मागून काठी टेकत बापा आले. मी म्हटलं, "मला भट्टीतलं काही कळत नाही. आवाज कळतो. ही अकरा फुटकी आहेत."

"डोळ्यांना दिसत नाही आणि ह्यांच्या कानांना दिसतं," दवेसाहेब म्हणाले.

"मग रंग लावून बघा ना," चिंतन म्हणाला. ते बरं केलं त्याने. लाल रंगाचं पाणी फासून पुसून घेतलं की चीर असेल तिथे रेघ उरते. एकेक भांडं घेतलं. पहिल्यावर रेघ. दुसऱ्यावर रेघ. सातव्याला मनसुखने कानांतल्या वायरी काढल्या. दहा भांड्यांवर दहा रेघा निघाल्या.

अकरावं स्वच्छ. वरून, खालून, आतून रंग फासला. एक रेघ उमटली नाही.

दवेसाहेबांना श्वास घ्यायला जागा मिळाली. "बघा. अंदाजपंचे आहे सगळं."

"दहा बरोबर आले, साहेब," चिंतन म्हणाला. "हे एक सोडून देऊ."

तिथे मी मान डोलावली असती तर काही बिघडत नव्हतं. नोकरीही कदाचित राहिली असती. पण मी सव्वीस वर्षांत एक फुली पुसली नव्हती. "हेही फुटकं आहे," मी म्हटलं. "चीर झिलईच्या आत असेल, बुडात असेल, मला ठाऊक नाही. पण हे वाडीत जाणार नाही."

"आणि मी सांगतो हे पन्नास वर्षं टिकेल," दवेसाहेब म्हणाले.

बापा इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "मग माझ्या ऑफिसातल्या संडासात बसवा."

"बापा, नको," मी म्हटलं.

"का? फुटकं आहे ना? मग कळेल."

"तुम्हाला लागेल."

"मुक्ता, मी काय त्यावर नाचणार आहे?"

दवेसाहेबांनी संधी साधली. "महिना संपायला नऊ दिवस आहेत. तोवर टिकलं तर या बेन पुन्हा मालाला हात लावणार नाहीत. लावला तर मी राहणार नाही."

चिंतनने माझ्याकडे बघितलं. महिना संपला की काय होणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. "ठीक आहे," मी म्हटलं.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. बापा सकाळी साडेनऊला गांठिया आणि चहा घ्यायचे आणि पावणेदहाला उठायचे. ते उठले की सगळा कारखाना हळू व्हायचा. बायका उगाच व्हरांड्यातून जा-ये करायच्या. भट्टीवरचे गडी पाणी प्यायला त्याच बाजूला यायचे. संडासाचं दार लागलं की अठरा बायका श्वास धरून उभ्या. पाच-सात मिनिटांनी बापा बाहेर यायचे, सगळ्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत आहे. जा कामाला."

दवेसाहेब चहाची बशी हातात घेऊन हसायचे.

पाचव्या दिवशी जशु म्हणाली, "तू बापांना जरा जास्त जेवायला घाल ना. लाडू पाठव घरून."

"मस्करी सुचते तुला."

"मग काय रडू? बापा म्हणजे निव्वळ हाडं. त्यांच्या वजनाने कागद फाटायचा नाही. दवेला बसव म्हणावं त्यावर, दोन मिनिटांत निकाल."

मला हसू आलं नाही. मी घाबरले होते, खरं सांगते. नोकरीसाठी होतेच, पण त्याहून जास्त कानासाठी. घड्याळं गेली ते मी सोसलं. लेबलं तिरकी गेली तेही सोसलं, हात नवीन कामाला चुकतो, शिकतो. पण कान चुकला तर माझ्याजवळ माझं असं काय उरणार होतं? सहाव्या दिवशी मी बाजारात कुंभाराकडे जाऊन सतरा माठ वाजवून बघितले. एक फुटका निघाला. कुंभार म्हणाला, "बेन, घ्यायचाय का नाही?" मी फुटकाच विकत घेतला. घरी किंजल म्हणाली, "बा, हा तर गळतोय." मी म्हटलं, "माहीत आहे." तिने मेहुलकडे बघितलं, आणि दोघंही त्या दिवसापासून माझ्याशी जपून बोलायला लागली.

सातवा दिवस. ठणठणीत.

आठव्या दिवशी मी घरून निघतानाच ठरवलं की आज स्टूल घरी न्यायचं. माझं ते लाकडी स्टूल मी शेड पाडताना वाचवून व्हरांड्यात ठेवलं होतं. कुणी बसत नव्हतं त्यावर. स्टुलावरची धूळ पुसत होते, तेवढ्यात पावणेदहा झाले, बापा उठले, दार लागलं. दवेसाहेब बशी घेऊन आले. चिंतनही दारात येऊन फोनमध्ये बघायचं नाटक करत उभा राहिला.

मिनिट गेलं. दोन गेली.

आधी नुसतं 'कट्' झालं. मग खूप मोठं काहीतरी सावकाश खाली बसल्याचा आवाज झाला, त्यावर पाण्याचा, आणि त्यावर बापांचा आवाज आला, "अरे, अरे, अरे." आणि मग काहीच नाही.

दवेसाहेबांच्या हातातली बशी वाकडी झाली आणि चहा बुटावर सांडला. चिंतन धावला. दारावर हात मारून त्याने आजोबांना हाक दिली, "दादा! लागलं का?"

"दार तोडू नकोस," आतून उत्तर आलं. "येतो. धोतर सापडू दे."

काय सांगू तुम्हाला. पाप लागेल, पण खरं ते खरं. बापा भांड्यात पडले आणि माझा जीव भांड्यात पडला.

दार उघडलं. बापा उभे होते. एका पायात चप्पल, धोतर कमरेपर्यंत ओलं, चष्मा कपाळावर. मागे भांड्याचे दोन सरळ तुकडे, बुडापासून कापल्यासारखे. बापांना कुठे खरचटलंही नव्हतं. वजन नाही म्हणून वाचले.

जशु माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "बापांचे बारा वाजले."

पण पन्नास वर्षं घड्याळांत काढलेला माणूस तो. त्यांचेही कान तिखट. त्यांनी चष्मा खाली घेतला, जशुकडे बघितलं, मग दवेसाहेबांकडे बघितलं.

"बारा नाही, जशु," बापा म्हणाले. "अकरा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुक्ता, तुझं ते स्टूल गोदामात ने. भट्टीच्या दाराशी ठेव. आजपासून तू वाजवून ऐकल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. आणि चिंतन, मला आधी कोरडं धोतर दे. हे पाय घट्ट रोवून उभं राहायचं तू सांगतोस ते ओल्या फरशीवर जमत नाही."

मी स्टूल उचललं. भट्टीच्या दाराशी त्या दिवसाची पहिली ओळ गार होत होती. जुन्या घड्याळातली एक हातोडी मी कधीपासून पदराच्या गाठीला बांधून ठेवली होती, ती सोडली, मनसुखचं दांडकं मागून घेतलं, त्याच्या टोकाला घट्ट बसवली, आणि बसले ऐकायला.